इशारा पोहोचतो, तरी माणसं घर का सोडत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेकडे वर्षभराचा निधी आहे, किनाऱ्यालगतच्या मच्छीमार आणि मजुरांच्या काही वस्त्या निवडल्या आहेत, आणि चक्रीवादळ, आत घुसणारं समुद्राचं पाणी, त्सुनामी यांसाठी तिथल्या लोकांना तयार करायचं आहे. आराखड्यात भोंगे, माहितीपत्रकं, प्रशिक्षण शिबिरं आणि वर्षाअखेरीस एक मोठी रंगीत तालीम आहे. सुरुवात कुठून करावी, भोंगे घ्यावेत का आणि कांदळवन लावावं का, हे तुम्ही विचारलंय.

किनाऱ्यावरच्या वस्त्यांमध्ये बरीच वर्षं हेच काम केल्यावर माझं मत पक्कं आहे. भोंगे आणि पत्रकं थोडी बाजूला ठेवा आणि घरोघर जाऊन एकच गोष्ट विचारा: 'आज रात्री घर सोडायचं ठरलं, तर तुम्हाला काय अडवेल?' त्या उत्तरांची यादी म्हणजे तुमचा कार्यक्रम. यादीतली एकेक अडचण वादळ येण्याआधी दूर करत जाणं, हीच तयारी.

असं ठामपणे म्हणण्याचं कारण इतिहासात आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर तिथे रेड क्रॉसच्या पुढाकाराने स्वयंसेवकांची यंत्रणा उभी राहिली आणि १९७३ पासून बांगलादेश सरकार तिच्यात भागीदार झालं. तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं मेली. तेव्हा इशारा दिला गेला होता, स्वयंसेवक कर्णे घेऊन फिरले होते, पुष्कळ लोकांनी तो ऐकलाही होता. पण निवारे मोजके आणि लांब होते. घरात चोरी होईल ही भीती होती, गुरांचं काय करायचं याला उत्तर नव्हतं आणि आधीच्या इशाऱ्यांच्या वेळी काहीच झालं नव्हतं.

त्यानंतर तिथे निवारे वाढले, गुरांसाठी मातीचे उंच टेकाड बांधले गेले, स्वयंसेवकांची संख्या ७६ हजारांवर गेली आणि त्यात निम्म्या स्त्रिया आल्या. २००७ च्या सिद्र चक्रीवादळात सुमारे ३,४०० मृत्यू झाले. मे २०२० मध्ये अम्फानच्या वेळी कोरोनाची साथ चालू असतानाही सुमारे २४ लाख लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. प्रत्येक वादळ वेगळं असतं, म्हणून अशी तुलना जपून करावी. पण ओडिशाचा अनुभवही याच दिशेचा आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या फायलिनआधी दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि मृत्यू काही डझनांत राहिले. दोन्ही ठिकाणी हवामानशास्त्र सुधारलं हे खरंच, पण त्या सुधारलेल्या अंदाजावर विसंबून घर सोडणं गरिबातल्या गरीब कुटुंबाला परवडू लागलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता घरात शिरू. समजा, एका घरात अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, सून आहे, दोन लहान मुलं, तीन शेळ्या. मुलगा होडीवर गेलेला, घरातला एकमेव मोबाइल त्याच्याकडे. या घराला तुम्ही 'चक्रीवादळात काय करावे, काय करू नये' असं पत्रक दिलंत, तर त्याचा उपयोग काय? सासऱ्यांना उचलायला दोन धडधाकट माणसं लागतील. ती कोण, हे आज ठरलं पाहिजे, नावानिशी, आणि त्यांच्या घरातही ते माहीत पाहिजे. त्यातलाही एकजण होडीवर असेल तर बदली कोण, हेही. वाळूत चाकाची खुर्ची चालत नाही, म्हणून साध्या खुर्चीला दोन बांबू बांधून बघायचं, आणि खरोखर सासऱ्यांना बसवून बघायचं, कारण पहिल्याच वेळी कळतं की त्यांना कमरेला पट्टा लागतो आणि वाटेत दोनदा थांबावं लागतं. शेळ्या कुठल्या उंचवट्यावर जातील आणि तिथपर्यंत कोण नेईल, हे ठरवायचं. सुनेपर्यंत इशारा कोण पोहोचवणार? शेजारीण. आणि नवऱ्याशी संपर्क झाला नाही तरी निघायचं, हे दोघांनी समोरासमोर बसून आधीच कबूल केलेलं असायला हवं. या शेवटच्या गोष्टीकडे बहुतेक संस्था लक्ष देत नाहीत. १९९१ च्या वादळात मेलेल्यांमध्ये प्रौढ स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं. मुलांना कडेवर घेऊन पळावं लागणं, अंगावरचा कपडा पाण्यात पायांत अडकणं ही कारणं होतीच. पण परवानगी देणारं माणूस घरात नाही म्हणून थांबून राहणं, हेही एक मोठं कारण होतं.

असं एक घर नीट करायला दोन-तीन बैठका लागतात. होय, हे संथ काम आहे. पण सगळ्या घरांना एवढा वेळ लागत नाही. तरुण जोडपं, पक्कं घर, दुचाकी असलेल्या कुटुंबाचं काम दहा मिनिटांत संपतं. तुमचा वेळ अडलेल्या घरांसाठी आहे.

जनावरांबद्दल थोडं आणखी. शहरातून आलेल्या कार्यकर्त्यांना वाटतं की लोक जिवापेक्षा गुराला जपतात म्हणजे त्यांना धोका समजलेला नाही. धोका त्यांना पुरेपूर समजलेला असतो. वादळातून वाचल्यावर पुढचं वर्ष कशावर काढायचं, याचा हिशेब ते करत असतात. श्रीमंत देशांतही माणसं असाच विचार करतात. २००५ च्या कट्रिना चक्रीवादळात पाळीव प्राण्यांना सोडून जावं लागेल म्हणून अनेकजण घरातच राहिले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने स्थलांतराच्या आराखड्यात प्राण्यांचा विचार सक्तीचा करणारा कायदा केला. होडी, इंजिन आणि जाळी यांचंही तसंच. ज्याचं इंजिन कर्जाचं आहे, तो शेवटच्या क्षणापर्यंत किनाऱ्यावर रेंगाळणार. म्हणून इंजिन उतरवून वर नेण्यासाठी लागणारी साखळी, हातगाडी, कुलूपबंद सामायिक खोली यांवर केलेला खर्च हा माणसं वाचवण्यावरचाच खर्च आहे. निधी देणाऱ्याला हे समजावून सांगावं लागेल, पण सांगाच.

कागदपत्रांची अडचण सगळ्यात लवकर सुटते. जमिनीचे, रेशनचे, बँकेचे कागद, होडीची नोंदणी यांच्या प्रती काढा आणि प्रत्येक घराला पाणी न शिरणारी एक जाड पिशवी द्या. चोरीच्या भीतीवर मात्र उपाय वस्तीनेच काढायचा असतो. राखणीचं वेळापत्रक, पोलिसांची फेरी, सगळ्यात शेवटी कोण निघणार हे लोक आपसात ठरवतात तेव्हा ते टिकतं.

घरांची यादी होत असतानाच दुसरं काम सुरू करा: पाणी कुठपर्यंत येतं ते वस्तीबरोबर चालत बघणं. चक्रीवादळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वारा येतो, आणि बातम्यांतही वाऱ्याचाच वेग सांगितला जातो. पण किनाऱ्यावर सर्वाधिक बळी घेतं ते वादळाने पुढे ढकललेलं समुद्राचं पाणी. ते किती चढेल हे नुसत्या वाऱ्यावर ठरत नाही. समुद्रतळाचा उतार, किनाऱ्याचा आकार, वादळाचा आवाका, ते कोणत्या कोनातून येतंय आणि त्या तासाला भरती आहे की ओहोटी, हे सगळं त्यात येतं. कट्रिना किनाऱ्यावर आदळताना वाऱ्याच्या पाच श्रेणींपैकी तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरलं होतं, तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी आठ मीटरच्या वर चढलं. उथळ आणि नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या उपसागरात तर मध्यम वादळही पाण्याची भिंत उभी करतं. म्हणून 'वादळ थोडं कमजोर झालंय' ही बातमी ऐकून वाटेतून परत फिरायचं नाही, हे वस्तीत पुन्हा पुन्हा बोललं गेलं पाहिजे. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं, आणि वेगाने वाहणारं घोट्याच्या वर आलेलं पाणीही मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं. हे आकडे सांगितले की तरुण पोरं गप्प बसून ऐकतात.

चालताना सोबत वस्तीतले म्हातारे घ्या. मागच्या मोठ्या उधाणात पाणी कुठल्या भिंतीपर्यंत आलं होतं, कुठल्या ओढ्यातून मागच्या बाजूने शिरलं होतं, हे त्यांना माहीत असतं. त्या खुणा रंगाने भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर करा. पण त्यावर थांबू नका. शासनाचे पूररेषेचे नकाशे मागून घ्या आणि शेजारी ठेवून बघा. आठवणीतली सर्वात मोठी लाट ही येऊ शकणारी सर्वात मोठी लाट नसते. रस्ता समुद्राला समांतर जात असेल किंवा ओढा ओलांडत असेल, तर तो कधी बंद होतो तेही नोंदवा. निघायची वेळ त्या रस्त्यावरून ठरते.

निवाऱ्याबाबत कडक राहा. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळात फिलिपिन्समधल्या टॅक्लोबान परिसरात काही निवारा केंद्रांतच पाणी शिरलं आणि घर सोडून तिथे आलेली माणसं बुडाली. जपानमधल्या कामाइशी शहराचं उदाहरण तर प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घ्यावं असं आहे, कारण एकाच शहरात, एकाच दिवशी दोन्ही टोकं दिसली. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर तिथल्या उनोसुमाई भागातली माध्यमिक शाळेची मुलं कुणाच्या आदेशाची वाट न बघता चढाकडे पळाली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलंही निघाली. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागचा कडा ढासळतोय असं दिसलं, म्हणून ती आणखी वर गेली, आणि तिथूनही वर. तोशिताका कातादा या तज्ज्ञाने त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं की नकाशावर विसंबू नका आणि त्या क्षणी शक्य ते सगळं करा. शहरातली जवळजवळ तीन हजार शाळकरी मुलं वाचली. त्याच भागात एक आपत्ती निवारण केंद्राची इमारत होती. त्सुनामीच्या वेळी जायची ती ठरलेली जागा नव्हती. ठरलेली जागा उंचावर होती. पण उंचावर चढायला म्हाताऱ्यांना त्रास होतो, तालमीला गर्दी होत नाही, म्हणून तालमी या सोयीच्या इमारतीत घेतल्या जात होत्या. काही दिवसांपूर्वीची तालीमही तिथेच झाली होती. त्या दुपारी लोक सवयीने तिथे गेले आणि शंभराहून जास्त माणसं त्या इमारतीत मेली.

तालीम सोयीसाठी बदलली की शरीराला चुकीचा रस्ता शिकवला जातो. म्हणून तुमच्या आराखड्यातली ती वर्षाअखेरची मोठी तालीम, पाहुणे, मंडप आणि छायाचित्रांसह, मी काढून टाकेन. त्याऐवजी छोट्या तालमी घ्या, खऱ्या जागेपर्यंत, वस्तीतल्या सर्वात हळू चालणाऱ्या माणसाच्या गतीने. एक रात्रीची, वीज बंद करून. एक पावसात. एक पुरुष होडीवर गेलेले असताना. घड्याळ लावून वेळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी वस्तीसमोर वाचून दाखवा. ती वेळ हातातल्या वेळेपेक्षा जास्त निघाली, तर रस्ता बदला, जागा बदला किंवा निघण्याची घटका अलीकडे आणा. माणसांना 'लवकर चला' म्हणून सांगण्याने ती वेळ कमी होत नाही.

निवारा सुरक्षित असला तरी लोक तिथे राहतील का, हा वेगळा प्रश्न. स्त्रियांना विचारा, पण पुरुष समोर नसताना. उत्तर बहुतेक ठिकाणी सारखं मिळतं: शौचालय, दिवा, आतून लागणारी कडी. मानवतावादी मदतीत वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांनुसार माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय आणि स्त्रियांसाठी पुरुषांच्या तिप्पट शौचालयं असावीत. एका रात्रीच्या निवाऱ्यात हे सगळं जमणार नाही, पण स्त्रियांसाठी वेगळी, उजेड असलेली शौचालयं जमवाच. किल्ली कुणाकडे असते, हे तपासा. कुलूपबंद निवाऱ्यासमोर भिजत उभं राहिलेलं कुटुंब पुढच्या वेळी येत नाही.

वेळेचं गणित चक्रीवादळाचं वेगळं आणि त्सुनामीचं वेगळं, हे एका शिबिरात एकत्र शिकवू नका. चक्रीवादळात दिवस मिळतात. भारतीय हवामान विभाग साधारण ७२, ४८ आणि २४ तास आधी टप्प्याटप्प्याने इशारे देतो. घरातली कामं या टप्प्यांना बांधून टाका: पहिल्या इशाऱ्याला इंजिन आणि जाळी वर, गुरं हलवायला सुरुवात, दुसऱ्याला दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रिया, आजारी आणि अपंग माणसं आपल्या सोबत्यांसह बाहेर, तिसऱ्याला उरलेले सगळे, दिवसाउजेडी. वारा ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेला की चालणंही कठीण होतं, तेव्हा हलवाहलव त्याआधी संपलेली पाहिजे.

त्सुनामीत मात्र भूकंप जवळ झाला असेल तर मिनिटंच असतात. सप्टेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या पालू शहरात भूकंपानंतर काही मिनिटांत लाटा आल्या, आणि तिथे भोंगे वाजलेच नाहीत. त्याच देशातल्या सिमेलुए बेटावर २६ डिसेंबर २००४ रोजी, भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ असूनही, सुमारे ७८ हजार लोकसंख्येपैकी फक्त सातजण दगावले. तिथे १९०७ च्या लाटेची गोष्ट घराघरात, गाण्यांत आणि आज्यांच्या तोंडी टिकून राहिली होती: जमीन जोरात हलली, समुद्र मागे सरकला, की डोंगराकडे पळा. त्यामुळे त्सुनामीसाठी एवढंच पक्कं बसवा. जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, समुद्र अचानक ओसरला किंवा गर्जना ऐकू आली, तर निघा. उंचावर जा, आणि अधिकृत सूचना येईपर्यंत उतरू नका, कारण पहिली लाट बहुतेकदा सर्वात मोठी नसते. वस्तू आणायला परत गेलेली माणसंच नंतरच्या लाटांत सापडतात. युनेस्कोच्या 'त्सुनामी रेडी' कार्यक्रमाचे १२ निकष आहेत आणि ओडिशातली वेंकटरायपूर आणि नोलियासाही ही गावं २०२० मध्ये त्यात मान्यता मिळवणारी भारतातली पहिली ठरली. ते निकष तपासणीची यादी म्हणून चांगले आहेत. पण फलक मिळवणं हे उद्दिष्ट करू नका.

भोंग्यांबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो: घ्या, पण एकाच साधनावर विसंबू नका. वादळात पहिली वीज जाते, मग मोबाइलचा मनोरा. बॅटरीवरचा रेडिओ, हातात धरायचा कर्णा, निशाणं, प्रार्थनास्थळावरचा ध्वनिक्षेपक आणि ठरावीक पंधरा घरांमागे एक निरोप्या, अशी साखळी ठेवा. निरोपे निवडताना निम्म्या बायका असू द्या. घराच्या आत त्याच जातात. समुद्रात असलेल्यांचा विचार वेगळा करावा लागतो. २०१७ च्या ओखी वादळात तमिळनाडू आणि केरळचे खोल समुद्रात गेलेले मच्छीमार मोठ्या संख्येने अडकले, कारण वादळ झपाट्याने तयार झालं तेव्हा ते आधीच मोबाइलच्या टप्प्याबाहेर होते. किती होड्या बाहेर आहेत, कोण कोण त्यांवर आहे आणि कधी परतणार, याची वही बंदरात रोज भरली जाते का, ते बघा. नसेल, तर तुमच्या वर्षभरातलं ते सर्वात स्वस्त आणि सर्वात मोलाचं काम ठरू शकतं.

इशारा दिला आणि वादळ वळून गेलं, असं होणारच. त्यानंतरच्या आठवड्यात वस्तीत जाऊन बसा. अंदाज का बदलला ते सांगा, आणि लोकांची किती मजुरी बुडाली ते ऐका. वादळाआधीच थोडी रोख रक्कम कुटुंबांच्या हातात देण्याचे प्रयोग बांगलादेशासह अनेक देशांत झाले आहेत आणि ते मला फार आश्वासक वाटतात. ज्याला उद्याच्या जेवणाची शाश्वती आहे, तो घर सोडतो.

वादळ ओसरल्यानंतरचा काळ बहुतेक आराखड्यांत एका ओळीत संपतो, आणि माणसं तिथेही मरतात. तुटलेल्या तारा, साप, खाऱ्या झालेल्या विहिरी, बंद खोलीत चालवलेलं जनरेटर, संपलेली औषधं. २०१७ च्या मारिया वादळात प्वेर्तो रिकोमध्ये सुरुवातीला अधिकृत आकडा ६४ होता. नंतरच्या अभ्यासातून सहा महिन्यांत सुमारे २,९७५ जादा मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला, आणि वीज आणि आरोग्यसेवा कोलमडणं हे त्यामागचं मोठं कारण होतं. म्हणून घरांच्या यादीतच डायलिसिस, इन्सुलिन, रक्तदाब, फिट्स यांची नोंद करा आणि दोन आठवड्यांचा औषधसाठा कुणाला हवा ते आरोग्य केंद्राशी आधीच बोलून ठेवा. परतल्यावर पिण्याच्या पाण्याचं पहिलं काम कोण करणार, त्याचं नाव लिहा.

कांदळवनाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. लावा, आहे ते जपा. ते लाटांचा जोर कमी करतं. पण ते घर सोडण्याला पर्याय नाही, आणि रोपं वाढायला वर्षं लागतात. वर्षभराच्या निधीत मी ते धरणार नाही.

पैशांची विभागणी मी अशी करेन. पहिले चार महिने घरांची यादी आणि चालत केलेली पाहणी, फक्त माणसांचे पगार. पुढचे पाच महिने अडचणी सोडवण्याचे: गुरांचा उंचवटा, इंजिनची खोली, खुर्च्या, शौचालयं, कर्णे, छोट्या तालमी. ही कामं पावसाळ्याच्या किंवा वादळांच्या हंगामाच्या आधी पुरी होतील अशा बेताने सुरुवातीचा महिना निवडा. उरलेल्यातला चांगला मोठा हिस्सा दुसऱ्या वर्षासाठी राखण्याची परवानगी निधी देणाऱ्याकडून आजच लेखी घ्या. लोक स्थलांतर करतात, म्हातारी माणसं जातात, मुलं जन्मतात, उचलायला ठरवलेला तरुण कामासाठी दुसऱ्या गावी जातो. घरांची यादी दर सहा महिन्यांनी नव्याने करावी लागते, आणि ते काम करणाऱ्या वस्तीतल्या दोन बायकांचं मानधन कुठून येणार, हे तुमच्या आराखड्यात मला दिसलं नाही. आधी ते घाला.